वाढणाऱ्यानं बसू नये

अण्णा,

आज दुपारी मी शेजारच्या बारमध्ये जाऊन बसलो, जेवलो आणि बियर प्यायलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही नीट ऐकाल. आपल्या हॉटेलाला लागून पंक्चरचं दुकान होतं ना, ते तुमच्यामागं लवकरच बंद पडलं. बरीच वर्षं तिथं नुसतं गवत माजलं होतं, आणि आता तिथं बार झालाय. मालक कडावचा तरणा पोरगा आहे. बाप अजून रोज सकाळी डेअरीवर दूध घालतो आणि पोरगा इथं बियर ओततो. दोघांचाही धंदा फेसाचाच, असं मी तुमच्या सुनेला म्हणालो, तर ती हसली नाही. हल्ली ती माझ्या कुठल्याच बोलण्याला हसत नाही. तिला माझ्याकडून एक उत्तर हवंय, आणि ते मिळेपर्यंत घरात असंच चालणार.

त्या पोराला आपली जागा हवी आहे. मधली भिंत पाडून तिथं कुटुंबासकट येणाऱ्यांची बसायची सोय करायची, असं त्याच्या मनात आहे. आपण हॉटेल बंद करायचं, जागा त्याला भाड्यानं द्यायची, आणि मी घरी बसायचं. तुमच्या सुनेचा होकार पहिल्या दिवशीच झाला होता. मी मात्र ‘बघू, बघू’ करत दिवस ढकलत होतो. काल तो दारात आला आणि म्हणाला, "काका, तुमी एकदा येऊन बसा तर खरं. खावा, प्या, आमी काय करतो ते बगा. मंग हो म्हना नायतर नाय म्हना." मी येतो म्हणालो. पण माझे पाय आत जायला का तयार नव्हते, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

खालापूरची ती दुपार तुम्हाला आठवत नसेल. मी सहावी-सातवीत असेन. तुम्ही हॉटेलाच्या परवान्याच्या कामाला कचेरीत गेला होतात आणि मला बाहेर चिंचेखाली बसवलं होतं. मला भूक लागली. समोरच्या हॉटेलात जाऊन मी मिसळ मागवली. दोन घास खाल्ले असतील नसतील, तर तुम्ही दारात उभे. तुम्ही आरडाओरडा केला नाही. त्या मालकाला नमस्कार केला, माझ्यासमोरची बशी उचलली, स्वतः मोरीवर नेऊन ठेवली आणि रस्त्यावर आल्यावर म्हणालात, "आपली चूल पेटलेली आसताना दुसऱ्याच्या बाकड्यावर जेवतोस? आपन वाढनारी मानसं हाव रं. वाढनाऱ्यानं बसू नये." बस्स, तेवढंच. त्यानंतर मी कधी कुणाच्या हॉटेलात बसलो नाही. आपल्याही नाही. आपण दोघं जेवलो ते पडद्यामागं, उभ्यानं, ताट हातावर धरून, एक डोळा बाकड्यांवर ठेवून. लग्नाच्या पंगतीतही मी वाढायलाच असतो. लोकांना वाटतं, माणूस मोठा हौशी आहे.

दहावीचा निकाल लागला तेव्हा बाकीच्या पोरांना घड्याळं मिळाली. तुम्ही मला झारा दिलात. लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला, माझ्या मुठीच्या मापाची लाकडी मूठ बसवलेला. मला इतका आनंद झाला होता की तो मी उशाशी घेऊन झोपलो. आपल्या लोधिवली गावातल्या माझ्या जोडीदारांपैकी कुणी कारखान्यात लागला, कुणी टेंपो घेतला, एक तर थेट बोटीवर गेला. माझ्या हातात झारा होता. पुढं काय करणार, हे मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तर आज दुपारी मी गेलो. भर दुपारी गर्दी नसते. कोपऱ्यात शहरातून आलेलं एक जोडपं होतं, बाकी खुर्च्या रिकाम्या. त्या पोरानं मला खिडकीजवळ बसवलं. ऑर्डर घ्यायला एक बाई आली. बघतो तर वरच्या ठाकरवाडीतली. पावसाळ्यात आपल्याकडं शेवळं, कंटोळी असल्या रानभाज्या विकायला यायची तीच. आता अंगात काळा शर्ट, हातात छोटी वही. मला बघून ती लाजली, मीही लाजलो. मग तिनं विचारलं, "काय आनू, दादा?" अण्णा, हा प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारत आलो. मला तो आजवर कुणी विचारला नव्हता. घरात समोर येईल ते खायचं, हॉटेलात उरेल ते खायचं. मी म्हणालो, "काय काय हाय?" आणि ती सगळी यादी म्हणू लागली, मी म्हणतो तशीच, एका दमात. भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं. तरी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण मला ते ऐकायचं होतं.

बियर नळातून येते. गावात नळाला दिवसाआड पाणी, आणि इथं तोटी फिरवली की बियर. पोरगा काऊंटरवरून ओरडून म्हणाला, "बाटलीतली नाय, काका, ताजी हाय!" तुमची ती पाटी अजून दारावर आहे, मद्यपान केलेल्यांनी आत येऊ नये म्हणणारी. तुमच्या देखत मी कधी तुम्हाला बोललो नाही, पण ज्याला ती पाटी वाचता येते तो शुद्धीतच असतो, आणि ज्याच्यासाठी ती आहे तो वाचत बसत नाही. पहिला घोट मला काढ्यासारखा कडू लागला. हळदीच्या रात्री कुणीतरी आग्रहानं तोंडाला लावलेला घोट सोडला तर मी तसा कोराच. दुसरा घोट बरा लागला. तिसऱ्याला मी खुर्चीला पाठ टेकली, आणि तेव्हा कळलं की माझे पाय दुखतायत. कधीपासून दुखत असतील कुणास ठाऊक. उभा असेपर्यंत कळलं नव्हतं.

मग बोंबील आले. तांदळाच्या पिठात घोळवलेले, रवा नाही, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. नाव ठेवायला मी जागा शोधत होतो, ती सापडली नाही. कोंबडीचा रस्सा जरा पातळ होता, पण मसाला घरी भाजलेला होता, ते वासावरून कळत होतं. भाकरी जाड होत्या. कांदाभजी मात्र वाईट. तेल जुनं, पीठ जास्त, कांदा नावाला. ती खाताना मला कोण आनंद झाला, अण्णा! सबंध जेवणात तेवढीच एक गोष्ट मला घरची वाटली, कारण तिच्यात मला पोटभर चुका काढता आल्या. मी सावकाश जेवलो. बसून जेवलं की घास किती वेळ तोंडात राहतो, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी रस्त्याच्या अंगाला पडवी पुढं काढलीय, म्हणून त्या खिडकीतून आपलं हॉटेल आतपर्यंत दिसतं. मी ते असं बाहेरून, बसून, कधी बघितलंच नव्हतं. केवढंसं आहे हो ते! पत्रा खाली आलाय, आतला दिवा दुपारीही लावावा लागतो. तुमची सून गल्ल्यावर बसून फडक्यानं माश्या हाकत होती. सगळी बाकडी रिकामी. रस्त्यावरून एक गाडी हळू झाली, आत बघितलं आणि पुढं निघून गेली. जिथून ती गाडी बघत होती तिथून मीही बघितलं, आणि मला वाटलं, मीसुद्धा इथं थांबलो नसतो.

तुमच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठावर काय झालं ते तुम्हाला माहीत असेल नसेल. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, उंबरावर ओळीनं बसले होते, पण खाली उतरत नव्हते. आई म्हणाली, पोराबाळांकडं बघीन. काका म्हणाले, पोरीचं लगीन मी लावीन. कावळे आपले जागेवर. मग काका माझ्याकडं वळले, "तू थोरला. तू बोल रं, काय त्याचा जीव आडकलाय ते." सगळे माझ्याकडं बघू लागले. ताजं भादरलेलं डोकं उन्हात पोळत होतं. मी हात जोडून म्हणालो, "अण्णा, हॉटेल बंद पडू देनार नाय." आणि एक कावळा उतरला. सगळी माणसं रडली, मीही रडलो, मला तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पुढं एक्सप्रेसवे सुरू झाला, गाड्या तिकडं गेल्या, आणि मी त्या शब्दाला धरून या जुन्या रस्त्यावर उभा राहिलो. परवा तुमची सून वैतागून म्हणाली, "तो कावळा तरी जिता आसंल का आता?" मी हसलो, आणि मग बाहेर जाऊन उगाच बाकडी पुसत बसलो.

जेवण होत आलं तेव्हा तो पोरगा समोर येऊन बसला. "कसं वाटलं, काका?"

"बोंबील झकास. भजी नाय जमली. तेल बदल."

तो खूश झाला. "आवो, म्हनून तर! भजीला तुमीच पायजे. जागा आमाला द्या आनि कढईवर तुमीच उभं ऱ्हावा. तुमच्या वडलांच्या हॉटेलाच्या नावाची पाटी बी ठेवू, तुमची मिसळ बी ठेवू. मंग हॉटेल बंद झालं आसं कोन म्हनंल? उलट मोठं झालं."

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत होतो की शब्दात अडकलोय, काय करणार? आणि या पोरानं एका वाक्यात तुम्हाला दिलेला शब्द राखला, तुमची पाटी राखली, तुमच्या सुनेचं समाधान केलं. सगळ्यांचं भलं झालं. फक्त मी होतो तिथंच, कढईसमोर. मी म्हणालो, "जागा घे तू. पन मी कढईवर ऱ्हानार नाय."

त्याला राग आला नाही. त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "मंग करनार काय तुमी?"

कोपऱ्यातलं जोडपं तेवढ्यात उठलं. मला काय झालं कळलं नाही. मी उठलो, त्यांच्या टेबलावरच्या बश्या एकात एक घातल्या, ग्लास बोटांत अडकवले आणि मोरी शोधत निघालो. ती ठाकरवाडीतली बाई धावत आली, "आवो दादा, द्या हिकडं, तुमी बसा." तिनं माझ्या हातातल्या बश्या काढून घेतल्या. परत खुर्चीत बसायला मला जमेना. पोराला ‘बघू’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

तुमच्या सुनेनं विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, "भजीचं तेल जुनं होतं त्यांचं." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता दिवेलागण झालीय, गिऱ्हाईक नाही, मी तुमच्या गल्ल्यावर बसून हे लिहितोय. हे कुठं पाठवायचं नाही, हे काय मला कळत नाही? लिहून झालं की शेगडीत घालीन. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची होती. मी तुमच्यावर रागावलो होतो. फार वर्षं. मला वाटायचं तुम्ही मला इथं बांधून गेलात. आज त्या पोरानं ‘करणार काय’ विचारलं आणि माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं, तेव्हा कळलं की तो शब्द दिला नसता तरी मी इथंच असतो. तो शब्द होता म्हणून निदान कुणावर तरी रागावता येत होतं.

उद्यापासून हॉटेल उघडणार नाही, असं तुम्हाला कळवायला मी कागद काढला होता. पण लिहायला बसण्याआधी मी उद्याच्या मिसळीची मटकी भिजत घातली. सवयीनं नाही, अण्णा. घालताना मला पुरतं कळत होतं, उद्या हॉटेल मीच उघडणार ते.