पहिल्या धारेचा मान

ती. मामांस,

दंडवत (पाठ धरली आहे, म्हणून अर्धाच घालतो, उरलेला समक्ष). गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्याला दोन ओळी आणि मला चार पानं दिली होतीत. यावेळी उलट करा, निदान गुडघा तरी सुधारेल.

मला इथं चिकटवताना तुम्ही बजावलं होतंत, की ही नोकरी गेली तर माझ्या दारात उभं राहायचं नाही. म्हणून मी जीव तोडून टिकायचं ठरवलं. कामही तसं आवडलं. घायपाताचे गड्डे (लांबून अननस, जवळून दगड) भाजायचे, ठेचायचे, आंबवायचे, आणि तो रस तांब्याच्या हंड्यात उकळून वाफेची दारू करायची. बाई, म्हणजे आमच्या मालकीण, वर्षानुवर्षं हेच करत होत्या आणि लोक मुकाट पीत होते. मग त्यांचे जावई कसलासा अभ्यासक्रम करून आले आणि सुधारणा सुरू झाली. (अभ्यासक्रम किती दिवसांचा, असं विचारलं की ते हंड्याकडे बघतात.) हंड्यावर काचेची नळी आली, नळीवर तापमापक, तापमापकावर लाल दिवा. दिवा लागला की काय करायचं ते फक्त जावईबापूंना ठाऊक, आणि ते तेव्हा हमखास जेवायला गेलेले. मी एकदा दिव्यावर टोपी ठेवली, तर सगळ्यांनाच बरं वाटलं. ते असो.

परवा एक बडे व्यापारी चव घ्यायला यायचे होते. त्यांना आवडली तर वर्षभराचा माल उचलणार आणि मी कायम होणार, असं बाई स्वतः म्हणाल्या. जावईबापूंनी मला हंड्याशी उभं केलं आणि जाता जाता सांगितलं, "पहिली धार बाजूला ठेव." आता मामा, तुम्हीच सांगा. 'पहिल्या धारेची' म्हटलं की आपल्यात माणसाचा चेहरा खुलतो. चांगल्या विनोदालासुद्धा आपण पहिल्या धारेचा म्हणतो. मी ती मानानं बाजूला ठेवली. चांगल्यातली बाटली शोधली, पुसली, तिच्या गळ्यात फीत बांधली आणि पाहुण्यांपुढे नेली.

सुधारित पद्धतीत पहिली धार विखारी म्हणून ओतून देतात, हे मला पाहुण्यांनी घोट घेतल्यावर कळलं. त्यांनी तो थुंकला, डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "हिच्यावर गाडी कोणती चालते?" जावईबापू तापमापकाचे आकडे सांगायला लागले. बाई म्हणाल्या, "पुरे आता, जावईबापू. आणखी सुधारलीत तर पाहुण्यांना उचलून न्यावं लागेल." पाहुणे मात्र स्वतःच्या पायांनी गेले, आणि वर्षभराचा माल इथंच राहिला.

मग चौकशी. 'ओतून दे' असं का नाही सांगितलंत, यावर जावईबापूंचं उत्तर, की अभ्यासक्रमात 'बाजूला ठेवणे' असाच शब्द आहे. जावयाला कामावरून काढता येत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण काळजी नसावी, नोकरी शाबूत आहे. बाईंचं मन मोठं.

मामींना नमस्कार.

तुमचा (अजून नोकरीत असलेला) भाचा

ता. क. बाईंचं मन आपोआप मोठं झालं नाही. त्या म्हणाल्या, "पहिली धार मानाची, हे तुझ्या टाळक्यात भरलं कुणी? कुणी शिकवलं असेल तर ठेवते. स्वतःच्या अकलेनं केलं असशील तर चालू लाग." मी तुमचं नाव सांगितलं. खोटं नाही, गच्चीवर मित्रांना पेला देताना तुम्हीच तसं म्हणता.

आणखी ता. क. खातरी करायला बाई तुमच्या घरी फोन करणार आहेत. तो नेहमी मामी उचलतात, हे नंबर देऊन झाल्यावर लक्षात आलं. मामींच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जाता, हेही. तेव्हा पत्र हातात पडताच फोनजवळ बसा, आणि बाईंचा फोन येईपर्यंत टाकी भरली की नाही ते बघायला जाऊ नका.