लिंबाखालची जागा

वाळूज, दिवाळीनंतर, १९५७

प्रिय मंजुळा,

'प्रिय' वाचताना बद्रीनाथ हसंल. हसू दे लेकाच्याला, बहिणीला वाचून दाखवतोय तेवढं पुष्कळ. मेंढरं बरी आहेत. काळी व्याली, जुळी झाली. कुत्रं मात्र तुझ्यावाचून भाकरीला तोंड लावीना. तुला एक विचारायचंय, पण आधी वाटेचं सांगतो.

दरसाल ह्याच वाटेनं मेंढरं चाऱ्याला गंगथडीला, नदीकाठी नेतो, पण चर्च कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. यंदा लांबून क्रूस दिसला की पाय अडतात. फुलंब्रीच्या पुढं एक बारकं, कौलारू आहे. आत बाया टाळ वाजवून गात होत्या. छावणीतलं इंग्रजांच्या वेळचं, दगडी. तिथली पायपेटी घुमली तशी मेंढरं बुजली अन् शिपाई माझ्यावर खेकसला. मी म्हटलं, बाबा, शिव्या दे, पण जरा ऐकू दे. ऐकता ऐकता रडूच आलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तू आली नाहीस, त्याचा राग नाय गं. ह्या वाटेवर पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणालीस, बरोबर होतं तुझं. गेल्या साली इथंच, माळावर, बारशाच्या आधीच पोर तापानं गेली. परक्या मुलखात तिला निजवायला कुणी जागा देईना. तवा इथल्या चर्चच्या आवडाबाईनं आपली माणसं बोलावली, लिंबाखाली जागा दिली. पेटी-ढोलकी घेऊन ती माणसं आपल्या लेकीसाठी गायली. तू तोंडात पदर कोंबून बसली होतीस.

परवा चर्चच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली. तिच्या दगडाला कुणीतरी चुना लावलाय. त्यांच्यात गेलेल्या माणसांच्या कबरींवर ह्या दिवसांत फुलं ठेवतात, एकेकाचं नाव घेऊन गातात. सगळी नावं झाली, पेटी थांबली, अन् आवडाबाई माझ्याकडं वळली. म्हणाली, दादा, लेकीचं नाव सांगा.

नाव मला ठाऊकच कुठं होतं, मंजुळा? सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी 'मंजुळेची लेक' म्हणालो, अन् त्यांनी तेवढंच घेऊन गायलं. पण ती पोटात होती तवा तू आपल्या पालाआड बसून तिला हळूच कसल्यातरी नावानं हाक मारायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, बारशाला कळंल. आता कुठलं बारसं? ते नाव मला कळव. बाकी काही नको, बद्रीनाथकडून नुसतं नाव लिहून घे. परतीला इथं थांबून आवडाबाईला सांगीन, अन् एकदा मीबी लेकीला हाक मारीन.

वाट बघणारा तुझाच,
सोनाजी