बाबांच्या नावावरचं घर

इकालुइत, ४ मार्च २००४

ती. रीपाताईस,
सा. न. वि. वि.

सरकारने यंदा खाणी मागे ठेवून घरांना पहिला नंबर दिला, आणि घरांतही आधी म्हातारी माणसं. आपल्या गावाला एकच घर आलंय. यादीत पहिलं नाव कुपाक, वय त्र्याऐंशी. म्हणजे आपले बाबा! त्यांना जाऊन सात वर्षं झाली, ताई. अर्जावर सही तुझी आणि मंजुरीवर माझी, कारण न वाचता सह्या ठोकायची सवय मला लागलीय. साहेबांच्या लक्षात येण्याआधी खुलासा कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
लोआसी

१२ मार्च

चि. लोआसीस,
अनेक आशीर्वाद.

खुलासा कसला मागतोस? अर्जात विचारलं होतं, घरात वडीलधारं कोण. मी बाबांचं नाव लिहिलं. माझ्या नातवाला त्यांचं नाव दिलं, त्या दिवसापासून त्याला बाबा म्हणायला सुरुवात कोणी केली? तूच. नाताळात सीलची कलेजी आधी त्याच्या ताटात वाढलीस, आणि त्याचं नाक गळत होतं तरी ओरडायची तुझी छाती झाली नाही. वयाच्या रकान्यात मी दोन्ही वयं लिहिली, त्र्याऐंशी आणि सहा. तुमच्या कारकुनाला मोठं आवडलं, त्याला मी काय करू?

तीन खोल्यांत आम्ही चौदा माणसं आहोत. जावई न्हाणीतल्या टबात झोपतो आणि कोणाला आंघोळ करायची असली की चिडतो. हे घर आम्हाला हवंय.

आहेस तसाच आमचा राहा.
तुझी,
रीपाताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलेल्याचं नाव ज्या मुलाला दिलं ते मूल म्हणजे तोच माणूस, हा आपला रिवाज साहेबांना समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांचे दुधाचे दात पडलेत का. दोन पडलेत, म्हटलं. त्यांनी नाव खोडायला सांगितलं. दुसरा नंबर म्हाताऱ्या नापाचीचा. ती किनाऱ्यावरच्या खोपटात एकटी राहते, घरावर हक्क तिचाच आहे हे मलाही पटतं. पण दोन दिवस नुसता पेन हातात घेऊन बसलोय. शिकार सोडून मी या खुर्चीवर आलो तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तसेच गेले. आता त्यांचंच नाव माझ्या हाताने कसं खोडू? तूच सांग.

तुझा,
लोआसी

२७ मार्च

चि. लोआसीस,
अनेक आशीर्वाद.

मी कशाला सांगू? ज्यांच्या नावावर घर, त्यांनाच विचारलं. बाबा खाली बसून बिस्किटाला जॅम लावत होते, बिस्किटाला कमी आणि जमिनीला जास्त. त्यांनी आधी नापाचीच्या खोपटात चूल आहे का विचारलं. आहे, पण धूरच फार, म्हटलं. मग म्हणाले, घर तिला दे, मला तुझ्याजवळच झोपायचंय. जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण बाबांपुढे बोलणार कोण? मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तू पेन धरून बसलायस, एवढंच त्यांना सांगितलं. तुमच्या अबोल्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, तुझी शपथ. बोटं चाटत म्हणाले, "लोआसीला सांग, खोडू दे. मी त्याच्यावर रागावलेलो नाही."

खोड आता. डोळे लाल दिसले तर साहेबांना सर्दी झालीय म्हणून सांग.

तुझी,
रीपाताई