एफी आत्यांच्या ब्रूमची कातरणी

तीर्थरूप एफी आत्या यांस,

अलास्टरचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे ग्लेनोरात रोना आणि मी देवाच्या दयेने बरे आहोत, या वसंतात कोकरं पुष्कळ जगली, आणि मी तण निर्मूलन समितीचा अध्यक्ष आहे. (या शेवटच्या बातमीबद्दल अभिनंदन करू नये.)

त्याचं असं झालं. गेल्या डिसेंबरात, इकडचा उन्हाळा लागताना, तुम्ही फुलं बघून डनीडनला परतल्यावर आठवड्याभरातच, जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. पिवळ्या फुलांचा रानटी ब्रूम माजला आहे, कुंपणापासून दहा मीटरच्या आत त्याचं एकही झुडूप दिसता कामा नये. रविवारच्या प्रार्थनेनंतर ते पत्र चर्चच्या दालनात वाचलं. आपल्याच पणजोबांनी घरची आठवण म्हणून स्कॉटलंडहून हे बी आणलं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण सगळे चीज रोल खात राहिले. मग अध्यक्ष कुणाला करायचं यावर चहा निवला. शेवटी शेजारचा वॉलेस ट्रूप म्हणाला, "अलास्टरला करा की. गावात सगळ्यात मोठं झुडूप त्याच्याच दारात आहे. काही नाही तर लाजेने तरी काम करील." लोक हसले आणि हसता हसता हात वर करून मोकळे झाले.

मी तिथल्या तिथे नियम लिहिला, की ज्या झुडपाला शेंगा धरतात ते मुळासकट आणि खालच्या रोपांसकट जाईल. अक्षर चांगलं आलं म्हणून मलाही बरं वाटलं. घरी येताना रोना म्हणाली, "आणि आत्यांचं? ते काय कागदी फुलांचं आहे?"

आत्या, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आतोबांनी शेवटच्या वर्षी लावलेलं झुडूप. हे घर आम्हाला देताना तुम्ही एवढंच म्हणाला होतात, की ते जगवा. आणि दर नोव्हेंबरात तुम्ही येऊन त्याच्यासमोर तासभर खुर्ची टाकून बसता, कुणाशी न बोलता. ते तोडण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोन दिवस विचार केला, थोडी प्रार्थनाही केली, आणि मार्ग सुचला. फुलं गळताच छाटणी करायची, म्हणजे शेंगा धरणार नाहीत. नियमही राहील, झुडूपही राहील. किती छाटू, एवढंच वॉलेसला कुंपणावरून विचारलं.

"किती म्हणजे? मेंढी कातरतोस तशी. पार कातडीपर्यंत," तो म्हणाला. "अर्धवट कातरलेली मेंढी पाहिली की देवसुद्धा तोंड फिरवतो, बाबा."

आता आपण पिढ्यान्‌पिढ्या लोकर काढणारी माणसं. जे कातरलं ते पुन्हा येतं, यावर आपला जितका विश्वास आहे तितका (देव क्षमा करो) पुनरुत्थानावरही नसेल. मी हिरवं सगळं काढलं आणि जाड, तपकिरी खोडापर्यंत गेलो. काम इतकं सफाईदार झालं की जाणारे-येणारे थांबून बघत होते.

त्याच आठवड्यात समितीने ओढ्याकाठचा रानटी ब्रूम उपटायला पोकलेन लावला. माती खालची वर झाली. या बियांना मातीत तीस-तीस वर्षं झोपून राहता येतं, हे आम्हाला नंतर कळलं. पोकलेनने त्यांना उठवलं. आता तिथे पूर्वी होती त्याच्या दहापट रोपं आहेत आणि दूरवरून गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. समितीने अहवालात "जमीन हिरवीगार झाली" असं लिहिलं आहे. माझी सही आहे.

तुमचं झुडूप सध्या शांत आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
अलास्टर

ता. क. "शांत आहे" हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ते मेलं आहे. ब्रूमला जुन्या लाकडातून फूट येत नाही. दहा महिने रोज सकाळी जाऊन बघितलं. माझ्या हातून झालं, आत्या. तुम्ही येऊन बघण्याआधी मीच सांगायला हवं होतं, आणि चार पानं समितीवर आणि मेंढ्यांवर घालवली.

ता. ता. क. त्याच्या बुंध्याशी जुन्या शेंगांमधल्या बियांची तेवीस रोपं उगवली आहेत. माझ्याच नियमाप्रमाणे येत्या गुरुवारच्या बैठकीनंतर ती उपटायची आहेत. एक जरी राहिलं तरी तीन वर्षांत फुलेल. तेव्हा तुम्ही एकोणनव्वद वर्षांच्या असाल, मी हिशेब केला. तरी कृपा करून समितीला एक खरमरीत पत्र लिहा, की एक रोप सोडा, शेंगा दरवर्षी हाताने खुडू. अध्यक्ष म्हणून मला विरोध करावा लागेल. तो मनावर घेऊ नये. मी हरेन अशी व्यवस्था केली आहे.

आणखी एक. निर्णायक मत वॉलेसचं आहे. तो तुमच्या बाजूने हात वर करणार आहे, पण छाटणीचा सल्ला कुणी दिला हे तुम्हाला कधीही कळता कामा नये, अशी त्याची अट आहे. मी शब्द दिला आहे. तेव्हा तो मजकूर आपण वाचला नाही असं समजावं.