चाकणहून न गेलेला फिल्टर

मंगळवार, रात्र. थेरगाव.

सकाळी सुदानमधून युसुफचा व्हिडिओ कॉल आला. तो तिथल्या इस्पितळात तंत्रज्ञ आहे. आमच्या चाकणच्या कंपनीचा जनरेटर एका परदेशी मदत संस्थेने तिथे पोचवला, फोटो काढले, आणि लढाई जवळ आल्यावर त्यांची माणसं परत गेली. आता तो सुरू होतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो. डिझेल फिल्टर चोंदलाय, हे मला आवाजावरूनच कळलं. सवयीने बोलून गेले, "जवळच्या सर्व्हिस सेंटरला कळवा." हेल्पलाइनवरचा रोजचा प्रत्येक कॉल मी याच वाक्याने संपवते.

युसुफ पुण्यात शिकलेला. हसला. "ताई, इथलं जवळचं सेंटर तुम्हीच."

त्याच्या मागे काचेच्या पेटीत ठेवलेली दोन बाळं दिसत होती. मग मी नियमाबाहेरचं सांगितलं. फिल्टर बायपास करा, डिझेल सुती कापडातून गाळून घ्या.

"आजची रात्र निघेल?"

मी हो म्हणाले. कशाच्या आधारावर? काहीच तपासलं नव्हतं.

दुपारी स्टोअरमधून नवा फिल्टर घेतला. मुठीएवढा तर आहे. कुरिअरवाला म्हणाला, "मॅडम, तिकडं आता कुणीच नेत नाय." संस्थेला मेल केला. त्यांचं उत्तर आलं, आमचं पथक तिथे नाही.

जेवायला एकटीच. ताटासाठी, सोबत घरी आणलेला फिल्टर बाजूला सरकवला.

आत्ता लाइट गेली. खाली सोसायटीचा जनरेटर लगेच सुरू झाला. तो बंद पडतोय का, याकडे कान लावून बसलेय.