कागद नसलेलं चूर्ण

प्रताप नगर, नागपूर
ता. ११ मे १९७९

आदरणीय गोपाळराव भाऊजींना बळीरामचा सविनय जय भीम. आमी इथं मजेत. काटोलात तुमी अन् मुख्य म्हणजे प्रेमिलाताई कशी हाय? तिच्या बीपीच्या गोळ्या चालू हायेत ना? (हे पहिले पाहा, मंग समोर वाचा.)

तुमाले मालूम हाय, कोराडीच्या पावर हाउसात डबा खाल्ला का मले पंपापाशी डुलकी लागते. साहेबानं दोनदा पकडलं. म्हणून बर्डीच्या बाजारातून ताकदीचं चूर्ण आणलं. सर्दी होती, तर दवाई दुकानातून गोळ्याही आणल्या. दोन्ही समोर ठेवून रीतसर मुकाबला केला. गोळ्यांच्या डबीत बारीक अक्षरांचा कागद निघाला : छाती धडधडेल, बीपीवाल्यानं डॉक्टरले विचारावं. चूर्णाचा डबा झटकून पाहिला, कागदच नाही. म्हणजे गोळीनं आपल्या तोंडानं कबुली देली, अन् चूर्ण निर्दोष. वच्छला (माझी घरवाली) म्हणे, ज्यानं कायीच लिहिलं नाही त्याले जास्त भ्यावं. पण घरचीचं ऐकलं तर मी बळीराम कसला. गोळ्या दोन दिवस भीत भीत खाल्ल्या, चूर्ण चमचा भरभरून.

भाऊजी, काय सांगू, झोप गायब. चार पंप पुसले, साहेबाची सायकल पुसली, साहेबाची खुर्ची पुसाले गेलो तर साहेब बसून होते. चौथ्या दिवशी अशी धडधड सुटली का मले वाटलं पंपच बिघडला. पंप बंद केला, तरी धडधड चालूच. कॉलनीच्या डॉक्टरनं नाडी धरली अन् आपलं घड्याळ कानाले लावून पाहिलं. म्हणे, झाडपाला म्हणून अपाय नाही हे तुले कोणी सांगतलं? धोतराही झाडच हाय. गोळीत दवाई मोजून असते, या चूर्णात काय अन् किती, विकणाऱ्यालेही ठाऊक नाही. तू तर दोन्ही संगच खाल्लं. जवान हाय म्हणून वाचला, बीपीवालं कोणी असतं तर... समोरचं मी ऐकलं नाही, उठलोच.

तुमचा
बळीराम

ता. क. मागच्या सोमवारी काटोलले निघालेल्या शेजारच्या नत्थूच्या हाती मी ताईले त्याच चूर्णाचा एक डबा पाठवला. संग चिठ्ठी होती, ‘बीपीच्या गोळ्या बंद कर, त्याइच्या कागदातच दोष लिहिले हायेत.’ डबा फेका. गोळी द्या. आत्ता द्या.

दुसरा ता. क. पाकिटाले तिकीट नाही, हे पाहिलंच असन. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून पहिल्या बसनं मीच आणलं अन् दाराखालून सरकवलं. तोंडानं सांगाची हिंमत झाली नाही. तुमच्याच ओट्यावर बसलो हाय. ताईले म्हणा, शिव्या द्याच्या तर जोरात दे, म्हणजे मले बाहेर ऐकू येईल का ती बरी हाय.