ताईची बेकरी आणि माझे बत्तीस प्रश्न

२ मार्च, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्यात, पुढे लोक विचारतात.
ताईच्या बेकरीसमोरचा रस्ता पाइपसाठी खणलाय. दोन्ही बाजूंना उंच पत्रे. बेकरी दिसतच नाही, गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. ताई म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघते, नाही जमलं तर जागेची किल्ली मालकाला देऊन टाकते आणि कुणाच्या तरी मोठ्या दुकानात पाव कापायला जाते. एकोणीस वर्षांची बेकरी! तिला सांगितलं, काळजी सोड, मी वेबसाइट करतो. परिसरातली खाण्यापिण्याची सगळी दुकानं एका क्लिकवर. ती बरं म्हणाली.

५ मार्च
दिवसभर लोगो. केशरी की तांबडा? बायकोला दोन्ही दाखवले. म्हणाली, दोन्ही सारखेच आहेत. सामान्य युजरची नजर कशी असते ते समजलं. तांबडा ठरला.

९ मार्च
युजर-फ्रेंडली म्हणजे काय, यावर चिंतन. युजरला फसवायचं नाही, बस. म्हणून नियम केला: ज्या दुकानाची माहिती पूर्ण, तेच 'चालू'. बाकीच्यांवर 'बंद' असा तिरका लाल शिक्का. शिक्का फार देखणा झालाय.
दुकानदारांसाठी फॉर्म तयार. बत्तीस प्रश्न. आधी साठ होते, माणुसकी म्हणून कमी केले.

१३ मार्च
भाजीवाल्या मावशींकडे फॉर्म घेऊन गेलो. प्रश्न चौथा, 'तुमचं दुकान एखादा प्राणी असतं तर कोणता?' त्यांनी माझ्याकडे नीट बघून 'गाढव' सांगितलं. लिहून घेतलं. पाचव्याला गिऱ्हाईक आलं, राहिलं.
खाणावळवाले म्हणाले, ठेवून जा, भरतो. संध्याकाळी गेलो तर फॉर्मवर धुतलेले चमचे निथळत होते. लोकांना त्यांचंच भलं कळत नाही.

१६ मार्च
ताईने फॉर्म भरला. भट्टीशेजारी उभ्या उभ्या, पिठाच्या हातांनी. एकतीस प्रश्न झाले. बत्तिसावा, 'तुमच्या व्यवसायाचं तत्त्वज्ञान, किमान शंभर शब्दांत.' म्हणाली, पाव करपतील, नंतर बघू. मी मागे लागलो नाही. तत्त्वज्ञानात घाई नको.

१८ मार्च
साइट सुरू!! ताईच्या फोनमधून तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर घेतले आणि दोनशे दहा जणांना लिंक पाठवली. बायकोने विचारलं, स्वतः एकदा उघडून बघितलीस का? बघितली की. लोगो झकास दिसतोय.

२१ मार्च
एकशे ऐंशी जणांनी साइट उघडली. ताईकडे मात्र गर्दी नाही. उलट परवा पाव उरले, काल जास्त उरले, आज त्याहून जास्त. तिला समजावलं, नवी गोष्ट पचायला बाजाराला वेळ लागतो. उरलेले पाव घरी आणले. बायकोने ते मोजून डब्यात भरले. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२३ मार्च, दुपारी ३
सकाळी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा ताईला फोन. ताईच्या सर्वात जुन्या गिऱ्हाईक. बेकरी बंद झाल्याचं वाचून फार वाईट वाटलं म्हणाल्या. ताईने विचारलं, कुठे वाचलंत? मग असे अकरा फोन आले. एका गृहस्थांनी निरोपाची फुलं पाठवली.
ताईने मला बोलावून घेतलं. फोन पुढे धरला. तांबड्या लोगोखाली परिसरातली सतरा दुकानं. सतराच्या सतरा बंद.
शिक्का खरंच उठून दिसतो.

२३ मार्च, संध्याकाळी ६
शिक्का काढायला बसलो. बत्तिसावं उत्तर भरल्याशिवाय सिस्टिम ऐकत नाही. इतकी पक्की मीच केलीय. ताईला म्हटलं, सांग तुझं तत्त्वज्ञान. ती म्हणाली, "लोकांना सकाळी भूक लागते. मी त्याआधी उठते."
सात शब्द. त्र्याण्णव कमी पडले. 'ताजे' त्र्याण्णव वेळा लिहून बघितलं. एकच शब्द सारखा आला तर नाकारायचं, हीही अक्कल माझीच.
ताई रागावली नाही. उरलेले पाव मोजायचेही सोडून पाठ फिरवून ट्रे पुसत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पूर्ण साइटच उतरवली. हे फक्त इथे लिहितोय.

२५ मार्च
नवं धोरण: ऑफलाइन मोड. सकाळी साडेसहापासून पत्र्यांच्या टोकाला उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, बेकरी चालू आहे, खड्ड्यावरच्या त्या फळीवरून या, जपून. दहापर्यंत चौतीस जण आणले. मुख्याध्यापिकाबाईंना हात धरून फळी ओलांडून दिली. त्यांनी विचारलं, ताईने कामाला ठेवलंय का रे तुला? म्हटलं, मी संस्थापक आहे. बरं म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

२८ मार्च
घसा बसलाय. खाणावळवाले म्हणाले, आमचंही नाव घेत जा. घेतो. भाजीवाल्या मावशींचंही घेतो. तीन दुकानं जोडली गेली. एकही फॉर्म न भरता, हे जरा लागलं.

३१ मार्च
ताईने किल्ली दिली नाही. आज पाव नऊलाच संपले.
मी म्हटलं, बघ, आणली की नाही गिऱ्हाइकं परत? ती म्हणाली, "घालवली कोणी होती?" मग माझ्यासाठी फडक्यात गुंडाळून ठेवलेले दोन पाव काढून दिले. अजून गरम होते. उद्यापासून सव्वासहालाच यायला सांगितलंय.
कंत्राटदाराला गाठून विचारलं. काम आणखी तीन महिने. चपलांत चिखल जातो. रबरी बूट घ्यायचे.